खेपा वाढव, मिनिटं नको

प्रिय मुली,

काल फोनवर तू रडली असतीस तर बरं झालं असतं. तू ऑफिसात बाळासाठी पंपाने काढलेल्या दुधाचा हिशेब सांगत बसलीस. सकाळी अकराला 40 मिनिटं, दुपारी चारला 40 मिनिटं, दोन्ही मिळून जेमतेम 110 मिलिलिटर, आणि गेल्या महिन्यात एवढ्याच वेळात 150 निघत होतं. मग विचारलंस, आता तासभर लावू का पंप? वर कुणीतरी कानात भरवलंय की थोडं साचू दे, मग एकदम भरपूर येईल.

साचू देऊ नकोस. याच सल्ल्याने कितीतरी बायकांचं दूध गेलेलं मी पाहिलंय. स्तन भरलेला असला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. पाच तास थांबून काढलेली बाटली मोठी दिसते खरी, पण दिवसभराची बेरीज घटते. रोज तसं केलंस की शरीर तेवढ्यावरच थांबतं. आणि 40 मिनिटांचं म्हणशील, तर दोन्ही बाजूंना एकदम लावायचा पंप असेल तेव्हा बहुतेक दूध पहिल्या दोन-तीन पान्ह्यांत, म्हणजे 15-20 मिनिटांत येऊन जातं. पुढची 20 मिनिटं तू फक्त कातडी सोलून घेतेस. बोंडशीला चीर पडल्याचं मला शेवटी, जाता जाता सांगितलंस. ते आधी सांगायचं असतं गं.

तेव्हा 40-40 च्या दोन खेपांऐवजी 20-20 च्या तीन कर. साडेदहा, दीड, साडेचार. वेळ उलट कमीच लागेल. घरून निघताना बाळाला अंगावर घे, आल्या आल्या घे, रात्री तो मागेल तेव्हा घे. त्याही खेपाच आहेत. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं तोडायची घाई नको. सासूबाई म्हणतात रात्री वरचं दूध द्या, सगळे झोपतील. झोपतील, पण सकाळी बाटलीत फरक दिसेल. चोवीस तासांत आठच्या आसपास खेपा होऊ देत, आणि दोन खेपांत पाच-सहा तासांची पोकळी राहू देऊ नकोस.

तू म्हणशील, मीटिंगा असतात. असतात. माझीही ड्युटी असायची. ज्या रुग्णालयात आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना दर तीन तासांनी दूध काढायला लावायचो, तिथेच मला दुपारच्या पाळीत उठायची मुभा नव्हती. तेव्हा रजा 12 आठवड्यांची. सुरुवातीला गणवेश भिजायचा, त्यावर मी ॲप्रन घालायचे. मग तो भिजायचाही थांबला, आणि बरोबरच्या बायका म्हणाल्या, तुझं मुळात कमीच होतं. कमी नव्हतं. खेपा कमी होत्या. माझा मुलगा आता संसाराला लागलाय, तरी ते वाक्य मला अजून खुपतं.

म्हणून पुढे मी वॉर्डात पहाटे तीनला बाळंतिणींना उठवायचे. नातेवाईक तक्रार करायचे, सिस्टर खडूस आहे, पोरीला झोपू देत नाही. करोत. पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांनी खेपा पाळल्या, त्यांच्या बाळांना बोंडल्याने पाजायला पुढे त्यांचंच दूध पुरायचं. मी आजही उठवेन.

ऑफिसात कारणं सांगत बसू नकोस. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या द्याव्यात, हे या देशात 1961 पासून कायद्यात आहे. तिसरी खेप जेवणाच्या सुट्टीत बसव. कॅलेंडरवर तिन्ही वेळा अडवून टाक आणि कुणाची माफी मागू नकोस.

आता पंपाकडे बघ. खोक्यात स्तनावर बसवायचं नरसाळं बहुधा 24 मिलिमीटरचं येतं आणि बायका तेच जन्मभर लावतात. बोंडशी नळीत मोकळी पुढेमागे व्हायला हवी. भोवतालचा काळा भाग आत ओढला जात असेल तर ते तुला मोठं आहे. पांढरी रबरी झडप उजेडात धर. तिची चीर मिटलेली दिसली पाहिजे. ती सैल झाली की ओढ जाते आणि दोष मात्र आईच्या अंगाला लागतो. लावण्याआधी हात गरम कर, छातीकडून पुढे चोळ, पंप चालू असतानाही गाठीगाठींवर दाब देत राहा. पंप काढलास की अंगठा आणि बोटं बोंडशीपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेव, आधी छातीकडे आत दाब, मग चिमटीत घे, सोड. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. दोन मिनिटांत शेवटचं दाट दूध निघतं, आणि तेच तर काढायचं असतं.

मैत्रिणीने काढून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या मोजू नकोस. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण 750-800 मिलिलिटर पितं, तेही वाढत नाही फारसं. एकीच्या स्तनात जास्त मावतं, तिला कमी खेपा पुरतात. तुला जास्त लागतील. बाळ सहा-सात लंगोट ओले करतंय, वजन वाढतंय, मग कशाचं भ्या? छाती आता पूर्वीसारखी दगड होत नाही म्हणून दूध आटलं, हेही काढून टाक डोक्यातून. दीड-दोन महिन्यांनंतर ती मऊच पडते.

अळिवाची खीर खा, डिंकाचे लाडू खा, शतावरी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घे. पण लाडू खाऊन चौथा तास उलटू दिलास तर लाडवाला बोल लावू नकोस.

आठवडाभर नेमाने करूनही बाटली जागची हलली नाही, तर थायरॉइड तपासून घे. काहींना सगळं करूनही पुरत नाही, तेव्हा वरचं दूध द्यावं लागतं आणि त्यात कमीपणा नाही. पण आधी आठवडाभर खेपा.

तुझी,
सिस्टर

ता. क. परवा सर्दीसाठी गोळी घेतलीस म्हणालीस, तिचं पाकीट बघ. त्यात स्यूडोएफेड्रिन असेल तर बंद कर, त्याने दूध घटतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या असशील तर त्यांचंही नाव मला कळव.