गावोगावी शिबिरं घेऊन लोकांना पैसा सांभाळायला शिकवता येतं का? सुरुवात कुठून करावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मराठवाड्यातल्या लोकांना पैसा हाताळता येत नाही, जास्त व्याजाच्या लोभानं बुडतात. त्यांना बचतीची सवय लावायला गावोगावी शिबिरं घ्यायची आहेत." तुमची तळमळ खरी आहे, पण त्यातला 'लोभ' हा शब्द मला लागला, म्हणून लिहायला बसले.

मी जालना जिल्ह्यातली. गेली बारा वर्षं आमच्या बचत गटाचं रजिस्टर मीच लिहिते. गटात आम्ही अकरा जणी, त्यातल्या चौघींना सही येत नाही. कापूस वेचणीच्या, खुरपणीच्या पैशातून महिन्याला १०० रुपये येतात. कधी उशिरा येतात, पण बुडाले कधीच नाहीत. महिना शेकडा दोननं घेतलेल्या कर्जाचे वर्षाला २४ टक्के होतात हे त्या चौघींनाही तोंडपाठ आहे, आणि ते व्याज गटातच राहतं म्हणून परवडतं हेही. या बायकांना बचत शिकवायला कुणी येणार असेल तर त्यानं येऊच नये. साठवायचं कसं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. साठवलेलं ठेवायचं कुठं, हे त्यांना आजवर कुणी धडपणे सांगितलेलं नाही.

आमच्याच घरचं सांगते.

समृद्धी महामार्ग आमच्या शिवारातून गेला. सासूबाईंच्या नावची जमीन त्यात गेली आणि २०१८ साली मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, आला. घराचं बांधकाम, नणंदेचं देणंघेणं वजा जाऊन १८ लाख उरले. आमच्या घरात एवढा पैसा एका वेळी कुणीच पाहिलेला नव्हता. आधी थोरले दीर, आमच्याकडं भाया म्हणतात, ते सासूबाईंना बँकेत घेऊन गेले. आधारवर सासूबाईंच्या नावापुढं 'बाई' होतं, पासबुकावर नव्हतं. तेवढ्यासाठी तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी सासूबाई बँकेच्या पायरीवर बसूनच राहिल्या, गुडघे धरले होते त्यांचे.

त्याच आठवड्यात मल्टीस्टेटचा, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेचा, पोरगा मोटारसायकलवर घरी आला. सासूबाईंच्या पाया पडला, चहा घेतला, फॉर्म त्यानंच भरला, अंगठा त्यानंच घेतला. व्याज १२ टक्के. दर महिन्याच्या पाच तारखेला १८,००० रुपये. त्यातून किराणा आला, पोरांच्या फिया गेल्या, सासूबाईंची बीपीची गोळी आली. पाच वर्षं घरात सगळे त्या संस्थेला 'बँक'च म्हणत होते. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईचं पिकणारं रान गेलं, तिनं महिन्याला पैसे येतील अशी सोय बघितली, याला लोभ म्हणायचं?

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आर्थिक साक्षरतेचं शिबिर झालं. गटाच्या सगळ्या बायकांना घेऊन मी गेले. साहेब चांगले बोलले. उत्पन्न किती, खर्च किती, डायरी लिहा, सावकाराकडं जाऊ नका. बोलता बोलता म्हणाले की बँक बुडाली तरी ठेवीला आता ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या आधी तो १ लाख होता. माझं काळीज लक्कन हाललं. मी उभी राहून विचारलं, "सर, मल्टीस्टेटमधल्या ठेवीला पण हा विमा असतो का?" ते म्हणाले, "ताई, तो आपला विषय नाही, आपण बँकेपुरतं बोलू." आणि पुढचा मुद्दा सुरू केला.

उत्तर एका शब्दाचं होतं. नसतो. सरकारी, खाजगी, सहकारी बँकेतल्या ठेवीला तो विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, मल्टीस्टेट पतसंस्थेतल्याही नाही. एवढं एक वाक्य त्या दिवशी माइकवरून बोललं गेलं असतं, तर व्हरांड्यात बसलेल्या निदान वीस घरांचा पैसा वाचवायला एक वर्ष हातात होतं.

तरीही मी घरी आले ती थेट पावती शोधायला. भायांनी ती लॅमिनेट करून कपाटात ठेवली होती. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. वर संस्थेचं नाव, खाली दिल्लीच्या निबंधकाचा नोंदणी क्रमांक, 'मर्यादित', रक्कम, मुदत, शिक्का. बँक हा शब्द अख्ख्या पावतीवर कुठंच नव्हता. पतसंस्थेला तो लावताच येत नाही, कायद्यानं मनाई आहे. इतकी वर्षं जो शब्द आम्ही घरात रोज बोलत होतो, तो कागदावर नव्हताच.

आमच्याकडं भायासमोर सून मोठ्यानं बोलत नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी दाराआडून आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी ते ओसरीवर सांगितलं. जूनमध्ये ठेव नवी करायची होती, ती करू नका, पैसे काढून घ्या, एवढंच. भाया ह्यांच्याकडं बघत म्हणाले, "तिला म्हणावं, गटाचं बघ. शंभर-शंभर रुपयांचा हिशोब वेगळा अन् लाखाचा वेगळा." सासूबाई म्हणाल्या, "असं कसं बुडवतेल बाई, त्यो पोरगा तर पाया पडतुया." मी आत गेले. जूनमध्ये ठेव नवी झाली, पुन्हा १८ लाखांची.

२०२३ च्या पावसाळ्यात पाच तारखेला व्याज आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मग शाखेला कुलूप लागलं आणि बाहेर माणसांची रांग. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलेलं, कुणाचा बाप दवाखान्यात. रांगेत आमच्या तालुक्यातले निवृत्त मास्तर होते, ग्रामसेवक होते, एक वकीलही होते. म्हणून 'लोक अडाणी आहेत म्हणून फसतात' हे मला कुणी सांगू नये. ती रांग मी डोळ्यांनी बघितली आहे.

पोलिसांत अर्ज दिला. ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात, त्यात संचालकांची मालमत्ता जप्त होऊन लिलावातून पैसे परत द्यायची तरतूद आहे. तरतूद आहे, पण ती चालते कोर्टाच्या गतीनं, आणि सासूबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत.

त्या दिवाळीत मी पोस्टात गेले होते. तिथल्या बाईंना सहज विचारलं, साठीच्या वरच्या माणसाला काय आहे? त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजना सांगितली. मी गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर जून २०२२ चा हिशोब मांडला. तेव्हा त्या योजनेत १५ लाख ठेवता येत होते, व्याज ७.४ टक्के, दर तिमाहीला २७,७५० रुपये, म्हणजे महिन्याला ९,२५०. उरलेले ३ लाख पोस्टाच्याच मासिक उत्पन्न योजनेत ६.६ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला १,६५०. एकूण १०,९००. मल्टीस्टेट देत होती १८,०००. फरक ७,१०० रुपयांचा. तेवढ्यापायी मुद्दल गेलं. आणि ही योजना तेव्हाही आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या पोस्टात होतीच की. शिबिरात तिचं नाव कुणी काढलं नाही, कारण त्या दिवशी व्हरांड्यात पोस्टाचं कुणी नव्हतं.

भाया अजूनही म्हणतात, "पाच वर्षांत व्याजाचे दहा लाख ऐंशी हजार आलेच की, सगळं कुठं गेलं?" भाया, वाचत असाल तर नीट सांगते, कारण ओसरीवर मला ते कधी बोलता आलं नाही. व्याज आपण सगळ्यांनी मिळून खाल्लं. मुद्दल एकट्या सासूबाईंचं होतं, त्यांच्या बापानं दिलेल्या रानाचं. खाल्लेल्या व्याजातून गेलेलं मुद्दल वजा करून नुकसान कमी दाखवणं, असला हिशोब मी गटात कुणी केला तर रजिस्टरवर चढवत नाही. आणि शंभराचा हिशोब वेगळा, लाखाचा वेगळा, असं काही नसतं. शून्यं वाढतात, बाकी तेच.

आता तुमच्या शिबिराचं.

फेब्रुवारीत घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचा साक्षरता सप्ताह बहुधा फेब्रुवारीत असतो, म्हणून सगळे तेव्हाच घेतात. तोवर सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, खर्चून झालेली असते, कापसाचा पैसा आडत्याकडून उचलीत वळता झालेला असतो. दिवाळीच्या आधी घ्या, पट्टी हातात पडायच्या आठ दिवस आधी. ऊसतोडीला जाणाऱ्या गावात तर दसऱ्याच्याही आधी, मुकादमाकडून उचल घेण्यापूर्वी. ज्या गावात जमिनी जात आहेत तिथं मावेजा यायच्या आधी, आणि तिथं एकदा जाऊन भागणार नाही, चारदा जा.

फक्त बायकांना बोलावू नका. गटामुळं आम्ही आयत्या जमतो, म्हणून सगळी शिबिरं आमचीच होतात. पण मोठ्या रकमेवर सही कुठं करायची हे घरात ठरवतं कोण? त्याला समोर बसवा. नवरा-बायको, सासू-सून एका सतरंजीवर बसली पाहिजेत, म्हणजे रात्री दाराआडून निरोप द्यायची वेळ येणार नाही.

आणि येताना घरातल्या ठेवींच्या पावत्या, कर्जाचे कागद घेऊन यायला सांगा. फळ्यावर शिकवू नका, त्या कागदावर शिकवा. यावर बँक हा शब्द आहे का, विमा कुठवर आहे, एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांच्या वर गेलंय का, गेलं असेल तर दुसऱ्या बँकेत विभागायचं कसं. कर्जाच्या कागदावर व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, आहे का घटत्या शिलकीवर. तीन वर्षांच्या मोटारसायकलच्या कर्जाला 'फक्त १२ टक्के फ्लॅट' म्हणतात ना, ते घटत्या शिलकीवर धरलं तर २१ टक्क्यांच्या आसपास जातं. हे एकदा हातातल्या कागदावर दाखवलं की माणूस जन्मात विसरत नाही, माझा अनुभव आहे.

एक राहिलं. मी शिबिरांवर बरीच चिडून लिहिलंय, पण त्याच शिबिरात आमच्या गटातल्या दोघींनी नवऱ्यांचे १२ रुपयांच्या अपघात विम्याचे फॉर्म भरले होते (आता तो २० रुपये आहे). त्यातल्या एकीचा नवरा पुढच्या वर्षी शेतात वीज पडून गेला. तिला २ लाख मिळाले, कागदपत्रं मी आणि तेच साहेब मिळून केली. त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन मदत केली, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. सगळ्या पतसंस्था बुडवणाऱ्या असतात असंही नाही, आमच्याच तालुक्यात एक चाळीस वर्षं नीट चाललीय. आणि भायाही वाईट माणूस नाही. शाखेला कुलूप लागलं त्या दिवशी ते दिवसभर रांगेत उभे होते आणि रात्री जेवले नाहीत. सासूबाईंच्या गोळ्यांचा खर्च आता तेच करतात. पोस्टाची ती योजनाही आता ३० लाखांपर्यंत झालीय, ज्यांच्याकडं पैसा यायचाय त्यांना सांगा.

तुमच्या शिबिराची तारीख ठरली की कळवा. जालना जिल्ह्यात कुठंही असलं तरी मी येईन. पावतीची झेरॉक्स आणि रजिस्टरचं ते शेवटचं पान घेऊन येते.