रिकामी कडी रिकामीच राहू दे

प्रिय मुली,

काकांनी मॉस्कोहून आणलेल्या ‘उत्कृष्ट पॅराशूटपटू’ बिल्ल्याचं खालचं लटकन हरवलंय. एका विक्रेत्याकडे 100 आकड्याचं सुटं लटकन आहे, परवडणारंही आहे, आणि तू विचारतेस, लावू का?

नको लावूस. बाकी सगळं पत्र तू विसरलीस तरी चालेल, पण ते लटकन त्या कडीत अडकवू नकोस.

त्या लटकनावरचा आकडा म्हणजे उड्यांची संख्या. सैनिकाच्या उड्या वाढल्या की जुनं लटकन काढायचं आणि मोठ्या आकड्याचं लावायचं, अशी ती सोय होती. मग 100 हा आकडा कुणाचा? शंभर वेळा विमानाच्या दारात उभं राहून खाली पाहिलेला माणूस कुठला? तो तुझ्या काकांच्या बिल्ल्याचा मालक होता हे तुला ठाऊक नाही, मला नाही, त्या विक्रेत्याला तर मुळीच नाही. तरीही तू एका अनोळखी माणसाच्या नावावर शंभर उड्या लिहायला निघाली आहेस. कदाचित त्याने वीसच घेतल्या असतील. वीस म्हणजे काही थोड्या नव्हेत.

या बिल्ल्यामागे काय आहे ते आधी समजून घे. 2 ऑगस्ट 1930 रोजी व्होरोनेझजवळ लाल सैन्याच्या 12 जणांनी सरावात उड्या घेतल्या, आणि तोच दिवस सोव्हिएत छत्रीधारी दलाचा जन्मदिवस ठरला. त्यांना तयार करणारा लिओनिद मिनोव हे तंत्र अमेरिकेत पाहून आला होता. पाचच वर्षांनी, 1935 च्या कीव्हच्या युद्धसरावात, परदेशी लष्करी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत सुमारे 1,200 जण उतरले. ओसोआविआखिम या नागरिकांना संरक्षणाचं आणि विमानविद्येचं शिक्षण देणाऱ्या सोव्हिएत संघटनेने शहरांतल्या बागांमध्ये उडीचे मनोरे उभारले होते. कारखान्यातली मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी तिथे जात, पुढे विमानातून उड्या घेत, आणि निळ्या मीनाकामावर पांढरी छत्री आणि वर लाल तारा असलेला बिल्ला अभिमानाने छातीवर लावत. त्याच पिढीतले किती तरी जण 1942 च्या हिवाळ्यात व्याझ्माजवळ आणि सप्टेंबर 1943 मध्ये नीपर नदीकाठी बुक्रिनजवळ रात्रीच्या अंधारात शत्रूच्या मागे टाकले गेले. बुक्रिनला तर माणसं इतकी विखुरली की बऱ्याच तुकड्या ठरल्याप्रमाणे जुळल्याच नाहीत. असे बिल्ले हाताळताना माझा हात आजही सावकाश चालतो.

तुझा बिल्ला युद्धानंतरचा आहे, छत्रीधारी दलाचे सेनापती मार्गेलोव यांच्या हाताखाली वाढलेल्या दलाच्या काळातला. म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

तू आता म्हणशील, सैनिक स्वतःच बदल करत होते की! हो, करत होते. सेवा संपवून घरी निघालेले जवान लष्करी दुकानातून जास्तीचे बिल्ले घेऊन गणवेशावर लावत, हे मला माहीत आहे. पण तो बदल त्यांचा होता. विसाच्या जागी पन्नास लावून गावच्या स्टेशनवर उतरणाऱ्या पोराची ती फुशारकीसुद्धा त्या बिल्ल्याच्या इतिहासाचा भाग आहे. आपण चाळीस वर्षांनी, दुसऱ्या देशात बसून, कपाट भरलेलं दिसावं म्हणून केलेली जोडाजोड त्यात बसत नाही. जे एकत्र आलेलं नाही, ते आपण एकत्र करायचं नाही. एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो आहे, आणि एवढंच लोकांना ऐकायचं नसतं.

मॉस्कोच्या इझ्मायलोवो बाजारात एकदा एकाच माणसाच्या वस्तू एकत्र आल्या होत्या. बिल्ला, उड्यांची नोंदवही, आणि गणवेशातला एक फोटो. विक्रेत्याला ते तिन्ही वेगवेगळे विकायचे होते, कारण तसे जास्त पैसे येतात. माझ्या खिशात तिन्हींचे पैसे नव्हते. मी नोंदवही घेतली. बिल्ला माझ्यासमोर दुसऱ्याने उचलला, फोटो कुठे गेला कळलंही नाही. ते तिन्ही आता पुन्हा कधीच एका टेबलावर येणार नाहीत, ही हळहळ अजून जात नाही. त्या वहीत प्रत्येक उडीची तारीख आहे, विमान आहे, बहुतेक ठिकाणी अन-2, उंची आहे, खाली सही आहे. बरोबरचे लोक म्हणाले, बिल्ला सोडून कागद काय घेतलास? मी अजूनही म्हणतो, योग्य तेच घेतलं. त्या वहीशेजारी ठेवायला तसाच बिल्ला मला नंतर कितीदा तरी मिळाला असता. ठेवला नाही. तिथली जागा मोकळी आहे. माझा संग्रह पाहायला येणारे त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतात आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं. सांगायला मला कंटाळा येत नाही.

आता छत्रीच्या कडेचा उडालेला टवका. तो ‘भरून देतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊच नकोस. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली तो टवका नीट बघ. भट्टीत भाजलेलं जुनं मीनाकाम काचेचं असतं, त्यामुळे ते काचेसारखं धारदार फुटतं आणि खाली धातू दिसतो. रंगासारखं ओतलेलं नवं काम तसं फुटत नाही. म्हणजे तो टवका हाच तुझ्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि तू तो पैसे देऊन बुजवायला निघाली होतीस!

चिंच, लिंबू, रांगोळी, घरातली तांब्याची भांडी घासायचं काहीही त्याला लावायचं नाही. मऊ कोरडं कापड, बस. मागच्या खिळ्यावरचा गोल नट आहे तोच राहू दे, बदलू नकोस. हे नट सहज अदलाबदल होतात, त्यामुळे नटावर कारखान्याचं नाव असलं तरी त्यावरून बिल्ला कुठला ते ठरवू नकोस. तो पक्कडीने आवळू नकोस, आटे जातात.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम कर. उद्या नको, आजच काकांना फोन लाव. बिल्ला कोणाकडून घेतला, कोणत्या साली, कोणत्या शहरात, विकत घेतला की कुणी दिला, तेव्हा लटकन होतं का, हे सगळं विचार. त्यांना आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिही, अंदाज लिहू नकोस. तो कागद बिल्ल्यासोबत त्याच पाकिटात ठेव. मी त्या वयाचा आहे, म्हणून सांगतो, अशा गोष्टी लवकर पुसट होतात.

मग मला फोटो पाठव. पुढच्या बाजूचे तू भरपूर पाठवलेस. या वेळी मागच्या बाजूचा पाठव, उजेडात, नट काढून.

तुझा,
काकांच्याच पिढीतला एक संग्राहक