राजीनाम्याचं पत्र तूर्त खिशातच ठेवा

तुमचं पत्र थोडक्यात असं: वर्षभर नैराश्यावर उपचार चालू आहेत आणि आता कामावर जाणं होत नाही. शिल्लक आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. राजीनामा देऊन निवांत बरं व्हावं, की कंपनीच्या गट विम्यातून दीर्घकालीन अपंगत्वाचा लाभ मागावा? वर, ‘मी काही अपंग नाही, मागायला लाज वाटते’ असंही लिहिलंय.

लाजेचं आधी बोलू. पॉलिसीत ‘अपंगत्व’ म्हणजे आजारामुळे आपलं काम करता न येणं, एवढंच. त्याचा हप्ता इतकी वर्षं भरला गेला आहे; हे कुणाचे उपकार नव्हेत.

राजीनामा मात्र देऊ नका. गट विमा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी सुटली की सहसा तोही सुटतो. विमा चालू असताना आजाराने काम थांबलं, अशी नोंद कागदावर हवी. म्हणून आधी डॉक्टरांच्या पत्रावर आजारपणाची रजा घ्या.

आता हिशेब. लाभ साधारण पगाराच्या ६० टक्के असतो आणि तोही ९० किंवा १८० दिवसांच्या प्रतीक्षेनंतर सुरू होतो. पगार १०० आणि घरखर्च ७५ धरू. तुमची शिल्लक झाली ६००. सहा महिने बिनपगारी गेले तर ४५० संपतात, उरतात १५०. पुढे दरमहा १५ कमी पडतील, म्हणजे आणखी दहा महिने निघतील. पण पहिल्या सहा महिन्यांतले तीन जरी भरपगारी रजेत गेले, तरी चित्र पालटतं. तेव्हा शिल्लक रजा आजच मोजा. सरकारी मदत मिळाली तर विमा कंपनी बहुधा तेवढी रक्कम वजा करते, आणि हप्ता तुमच्या नोकरीच्या कंपनीने भरला असेल तर अनेक ठिकाणी लाभावर कर लागतो. ६० चे ५० झाले तर वरचे दहा महिने सहावर येतात.

खरी अडचण पुराव्याची. नैराश्य रक्ततपासणीत दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या नोंदींवर सगळी भिस्त. आपल्याला सवय असते, ‘कसे आहात?’ विचारलं की ‘बरा आहे’ म्हणायची. ते दोन शब्द फाइलमध्ये उतरतात आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वाचले जातात. त्याऐवजी झोप किती, एका जागी किती मिनिटं लक्ष टिकतं, कामात कोणत्या चुका झाल्या, किती दिवस अंथरुणातून उठवलं नाही, हे सांगा. नुसतं निदान पुरत नाही. तुमच्या कामाचं लेखी वर्णन एचआरकडून घेऊन डॉक्टरांना द्या, म्हणजे नेमकं काय जमत नाही ते त्यांना लिहिता येईल. तपासण्या चुकवू नका. उपचारांत खंड पडला की क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. अर्ज भरायचं त्राण नसेल तर घरच्यांना बसवा. नकार आला तर अपिलाची मुदत त्याच पत्रात असते.

आणि हे पेन्शन नव्हे. अनेक गट पॉलिसींत मानसिक आजारासाठी लाभ २४ महिन्यांवर थांबतो. ‘आपलं काम’ जमत नाही ही अटही बऱ्याचदा तेव्हाच ‘कुठलंही काम’ अशी बदलते. पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, माहितीपत्रक नको. ती आली की हे कलम आणि अर्धवेळ परतल्यावर किती लाभ मिळतो, एवढं मला कळवा; पुढचा हिशेब त्यावरून मांडू.