नवे अल्बम शोधायचे कुठे?

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक आणि ड्रीम पॉप (धूसर, स्वप्नवत सुरांचे पॉप) हे संगीत मला मनापासून आवडते, परंतु मोबाइलवरील ॲप तीच ती गाणी फिरवून ऐकवते आणि बेळगावात या विषयावर बोलणारे कोणी भेटत नाही. नव्या अल्बमांचा माग कसा ठेवावा? पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्कचा भरवसा नसतो, हेही लक्षात घ्यावे.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ॲपचा दोष म्हणावा तर तो एवढाच, की आपण काल जे ऐकले त्याच्याशी मिळतेजुळते तेच ते आज पुढे करते. म्हणून प्रकाराच्या नावाने शोध घेण्याऐवजी माणसांच्या आणि लेबलांच्या (संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांच्या) नावांनी घ्यावा, असे आमचे मत आहे. आपल्या भागातला जाणता श्रोता गवयाचे नाव कळताच त्याचे घराणे आणि गुरू विचारतो. तीच चौकसपणाची सवय इथेही उपयोगी पडते.

एक उदाहरण पाहू. बीच हाऊस या बाल्टिमोरच्या जोडीचा 2018 मधील अल्बम आपण ऐकला असेल, तर त्याच्या श्रेयनामावलीत सोनिक बूम, म्हणजे पीटर केंबर, हे नाव सापडेल. हा पूर्वी स्पेसमेन 3 या इंग्लिश बँडमध्ये होता. त्याच्या नावाचा माग काढत गेल्यास पांडा बेअर या अमेरिकन गायकाबरोबर त्याने 2022 मध्ये केलेला अल्बम हाती लागतो, आणि त्याच अल्बमचे एड्रियन शेरवुड या इंग्लिश निर्मात्याने पुढच्या वर्षी केलेले डब रूप (प्रतिध्वनी आणि बास पुढे आणून केलेली, जमैकन वळणाची नवी मांडणी) ऐकताना आपण ड्रीम पॉपच्या वेशीबाहेर कधी पडलो हे कळतही नाही. लेबलांचेही तसेच आहे. बर्लिनच्या मॉर म्युझिकने 2002 मध्ये स्लोडाइव्ह या इंग्लंडमधील रेडिंगच्या ड्रीम पॉप बँडची गाणी इलेक्ट्रॉनिक कलाकारांकडून करवून घेतली होती. आपल्या दोन्ही आवडी जिथे एकत्र येतात असे ठिकाण याहून चांगले क्वचितच मिळेल. लंडनचे फोरएडी (1980 पासून) आणि अमेरिकेतील घोस्टली इंटरनॅशनल ही नावेही टिपून ठेवावीत.

बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी येतात; 2015 च्या जुलैपासून जगभर हाच दिवस ठरला आहे. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून आवडीच्या लेबलांना फॉलो केले, की नव्या अल्बमची सूचना ईमेलने येते. तिथे बहुतेक गाणी विकत घेण्याआधी ऐकता येतात, ही आम्हाला मोठी सोय वाटते, कारण परकीय चलनात पैसे मोजण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

नेटवर्कची अडचण खरी आहे. विकत घेतलेला अल्बम बँडकॅम्पवरून एकदा उतरवून घेतला, की तो आपल्याजवळच राहतो. चाळीस मिनिटांच्या अल्बमच्या 320 केबीपीएस एमपी3 फायली सुमारे 96 एमबी भरतात. बेळगावात कामानिमित्त येणे झाले, की त्या उतरवून घ्याव्यात. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फायली मात्र याच्या साधारण दुप्पट-तिप्पट जागा घेतात आणि साध्या इअरफोनवर दोन्हींतला फरक बहुतेकांना जाणवत नाही.

कलाकाराच्या हाती अधिक पैसे पडावेत अशी इच्छा असल्यास खरेदी 'बँडकॅम्प फ्रायडे'ला करावी. 2020 च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजला जातो, त्यामुळे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, आणि तिकडील हिवाळ्यात दीडला, सुरू होतो.