लायसन्स गिअरचं काढ, गाडी बिनगिअरची घे

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. सप्टेंबरात इंग्लंडात, शेफील्डला येताय, मिसेसला नॉर्दर्न जनरल हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीये, तुझं काम घरून, आणि गाडीसाठी चार हजार पाऊंड बाजूला काढलेत. तू कोल्हापुरात दहा वर्षं स्विफ्ट चालवतोयस. मिसेसकडे लायसन्स आहे, पण ते पाकिटातून कधी बाहेर आलेलं नाही. आणि प्रश्न असा की सेकंडहँड घेताना मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक, कारण तुझा मित्र म्हणतो तिकडे गिअरची गाडी स्वस्त पडते.

मित्र खोटं बोलत नाहीये. पण इथे हा प्रश्न गाडीचा नंतर, आधी लायसन्सचा. आपल्याकडे आरटीओत एलएमव्ही (हलक्या मोटारीचं लायसन्स) म्हणजे एलएमव्ही, टेस्ट कशावर दिली हे पुढे कोणी विचारत नाही. इथे ऑटोमॅटिकवर टेस्ट पास झालास तर लायसन्सवर ७८ हा कोड येतो आणि मग गिअरच्या गाडीला हात लावायचा नाही. लावलास तर ते विनालायसन्स चालवल्यासारखंच, इन्शुरन्सवालाही हात वर करतो. मॅन्युअलवर पास झालेला मात्र दोन्ही चालवू शकतो. म्हणून तुझ्यापुरतं माझं मत पक्कं आहे: टेस्ट मॅन्युअलवरच दे. दहा वर्षं कमावलेला डावा पाय आहे, तो फुकट का घालवायचा? उद्या भाड्याची व्हॅन घेऊन घर हलवायचं झालं की त्याची किंमत कळेल.

आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. मध्ये सुट्टीला कोल्हापूरला जाऊन आलास म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. काही देशांचं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळतं, त्या यादीत भारत नाही, त्यामुळे आपल्याला सगळं पहिल्यापासून. आधी प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, ऑनलाइन ३४ पाऊंड. मग थिअरी, २३ पाऊंड: ५० प्रश्नांत ४३ बरोबर हवेत, शिवाय रस्त्यावरचा धोका ओळखायच्या व्हिडिओंत ७५ पैकी ४४ गुण. मग प्रॅक्टिकल, आठवड्याच्या दिवशी ६२ पाऊंड. पैसे फार नाहीत, तारीख मिळत नाही हे खरं दुखणं. कोविडनंतर कित्येक सेंटरवर पाच-सहा महिन्यांची रांग लागलेली आहे. आल्या आल्या घर शोधण्याच्या गडबडीत ‘अजून वर्ष आहे की’ म्हणून लोक निवांत राहतात आणि अकराव्या महिन्यात धावपळ करतात. तू पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनल मागव. ते हातात असलं तरी वर्षभर भारतीय लायसन्सवर एल बोर्ड न लावता एकट्याने चालवता येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता तू म्हणशील, मला गाडी येते, टेस्टचं काय एवढं. मीही हेच म्हणत होतो आणि पहिल्यांदा नापास झालो. चढावर गाडी बंद पडली म्हणून नाही. उतारावर क्लच दाबून गाडी सोडून दिली म्हणून! पन्हाळ्यावरून उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची आपली जुनी खोड. इथे त्याला कोस्टिंग म्हणतात आणि परीक्षक प्रत्येक वेळी शांतपणे एक रेघ मारतो. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात. माझ्या बाकीच्या आरशाच्या होत्या. वळण्याआधी आरशात बघितलं होतं हो, पण मान न हलवता नुसत्या डोळ्याने, त्याला दिसणार कसं? दुसऱ्या वेळी मान कथकलीसारखी फिरवली आणि पास झालो.

गिअर डाव्या हाताला, स्टिअरिंग उजवीकडे, रस्त्याची बाजू डावी, हे सगळं आपल्यासारखंच. फक्त इंडिकेटरची दांडी इथे डावीकडे असते. पहिला महिना प्रत्येक वळणाला तुझे वायपर फिरणार, कोरड्या काचेवर किर्र किर्र. राउंडअबाउटवर डाव्या हातानेच गिअर बदलायचा आणि इंडिकेटरही द्यायचा, तिथे थोडी तारांबळ उडते. ऑटोमॅटिकमध्ये तेवढा एक हात मोकळा राहतो, एवढं मान्य करायला हवं.

म्हणजे गाडी मॅन्युअलच घ्यायची का? तू एकटा चालवणार असतास तर मी हो म्हणालो असतो. साधी छोटी पेट्रोल, गिअरची, चार हजारांत निवड भरपूर, क्लच गेला तरी गल्लीतला मेकॅनिक बसवून देतो. पण तूच लिहिलंयस की तुझं काम घरून आहे. मग पहाटे सहाला, डिसेंबरच्या काळोखात, दव गोठलेली काच खरवडून गाडी बाहेर काढणार कोण? मिसेस. बारा तासांची शिफ्ट करून रात्री परत येणारही तीच. म्हणजे गाडी तिची, तू रविवारचा ड्रायव्हर. आणि तिने गेल्या कित्येक वर्षांत क्लच दाबलेला नाही.

त्यात शेफील्ड. सात टेकड्यांवरचं गाव म्हणतात, सपाट रस्ता शोधावा लागतो. हॉस्पिटलपासून जवळच विंकोबँककडे जेन्किन रोड नावाचा चढ आहे. २०१४ ला सायकलवाल्यांची टूर द फ्रान्स इथून गेली तेव्हा त्याची चढण काही ठिकाणी ३३ टक्के मोजली होती. पन्हाळ्याचा रस्ता लांब आहे, पण तो वळणं घेत घेत चढतो. हा सरळ भिंतीसारखा उभा.

ह्याच रस्त्यावर माझी पहिली गाडी फसली, ती गोष्ट सांगतो, कारण तुझी चूकही तीच होईल अशी भीती आहे. मी हौसेने ‘ऑटोमॅटिक’ घेतली होती, बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त. कंपनीचं नाव राहू दे. क्लच पेडल नाही, दांडीवर ए (ऑटो) आणि एम (मॅन्युअल), म्हटलं झालं काम. नोव्हेंबरची संध्याकाळ, रस्त्यावर ओली पानं, पुढे बस थांबलेली. मी ब्रेक सोडला तशी गाडी मागे सरकली. घाबरून ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तिला चढावर धरून ठेवली. दोन-तीन मिनिटांत जळका वास आला, समोर न्यूट्रलचा ‘एन’ लुकलुकायला लागला आणि गाडीने गिअर सोडून दिला. मागे सहा-सात गाड्या. एकानेही हॉर्न दिला नाही, आणि त्या शांततेचीच जास्त लाज वाटली.

झालं होतं असं की ती खरी ऑटोमॅटिक नव्हतीच. आपल्याकडे सेलेरिओत एएमटी आली ना, तशी: आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायला तुझ्या पायाऐवजी मोटर. चढावर ॲक्सिलरेटरने धरून ठेवणं म्हणजे हाफ क्लचवर उभं राहणं, मग प्लेट तापणारच. इथल्या जाहिरातीत सगळ्याला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ लिहितात. ईझीट्रॉनिक, एमएमटी, ईजीएस, आय-शिफ्ट असे शब्द दिसले तर समजायचं की ही ती. २००९ च्या आसपासची होंडा जॅझ चांगली गाडी, पण त्या दोनेक वर्षांतली आय-शिफ्टवाली असते. २०११ नंतर तिच्यात परत सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारी खरी ऑटोमॅटिक आली. तेवढं वर्ष बघून घे.

दुसरा प्रकार ड्युअल क्लच, म्हणजे आत दोन क्लच. फोक्सवॅगन, स्कोडा, सिआटमध्ये डीएसजी म्हणतात. चालवायला लोण्यासारखी, पण जुनी आणि बिल नसलेली असेल तर मी लांब राहतो. सहा गिअरवाल्या ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचच्या डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर दर ४०,००० मैलांना बदलावं लागतं. ते बदलल्याची पावती दाखवा म्हटलं की विकणारा आभाळाकडे बघतो. आत बिघडलं तर खर्च हजार पाऊंडाच्या पुढे सहज जातो, म्हणजे तुझ्या बजेटचा चौथा हिस्सा.

तुमच्यासाठी माझ्या मते टोयोटाची हायब्रिड, यारिस किंवा ऑरिस. यारिस हायब्रिड २०१२ पासूनची मिळते. तिच्यात क्लच नाही, पट्टा नाही, गिअर बदलणंच नाही. एका ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांच्या संचाला इंजिन आणि दोन मोटरी जोडलेल्या. झिजायला काही फारसं उरतच नाही. स्नेक पास ह्या घाटावरून मँचेस्टरला जाताना लांब उतार लागतो, तिथे दांडी ‘बी’ वर ओढायची की इंजिन ब्रेक लागतो. टॅक्सीवाले ह्याच गाड्या चालवतात, आणि त्यांच्याइतकं हिशेबी गिऱ्हाईक दुसरं नाही. एक खोट: हायब्रिडच्या खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) चोर कापून नेतात, म्हणून रात्री रस्त्यावर लावणार असाल तर त्याला लोखंडी कुलूप बसवून घ्या.

चार हजारांत ती जुनी आणि बरीच पळालेली मिळेल. पळालेली म्हणजे, इथे ‘माइलेज’ म्हणतात ते गाडी किती मैल धावली त्याला; कितना देती है वाला नाही. माझ्या शेजाऱ्याने पहिल्याच फोनवर ‘माइलेज किती देते?’ विचारलं, पलीकडचा म्हणाला नव्वद हजार. मनासारखी नाही मिळाली तर स्वस्तातली भलतीच ऑटोमॅटिक उचलू नका. दोन-तीन महिने बसने काढा, ट्रामही आहे, आणि हजारभर अजून साठवा.

बघायला जाताना गाडीचा नंबर सरकारी साइटवर घाल, एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. एमओटी म्हणजे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षीची तपासणी. प्रत्येक वेळचं मीटर तिथे नोंदलेलं असतं, मागे फिरवलेलं लगेच कळतं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: एमओटीत क्लच आणि गिअरबॉक्स तपासतच नाहीत. ‘बारा महिन्यांची एमओटी आहे’ हे वाक्य ऐकून खूश होणारे आपणच.

म्हणून स्वतः बघायचं. विकणाऱ्याला आधीच सांग, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर विचार, का बरं? पेट्रोल ऑटोमॅटिक असेल तर थंड इंजिनवर पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) सावकाश टाक. धक्का बसतो का, डी टाकल्यावर गाडी विचार करत बसते का ते बघ. हायब्रिडमध्ये ह्यातलं काही होत नाही, तिथे बॅटरीच्या हेल्थ चेकचा कागद माग. मग वीस मिनिटं चालव आणि गरम झाल्यावर चढावर उलटी घे. मॅन्युअल बघत असलास तर चौथ्या गिअरमध्ये, तीसच्या वेगाने, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाब. आवाज वाढला आणि वेग नाही वाढला, की प्लेट गेली. डीलरकडून घेतलीस तर मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करायचा कायदेशीर हक्क आहे. घरगुती विकणाऱ्याकडून घेतलीस तर तो नाही.

इन्शुरन्सचा आकडा गाडी ठरवायच्या आधी काढ, नंतर नाही. पहिल्या वर्षी तो बघून घाम फुटतो. आणि फॉर्मवर मेन ड्रायव्हर म्हणून मिसेसचंच नाव टाक. तुझा अनुभव जास्त म्हणून तुझं नाव पुढे केलंस तर हप्ता कमी होईल, पण रोज ती चालवते हे उघड झालं की ती फसवणूक धरतात.

तिने टेस्ट ऑटोमॅटिकवरच द्यावी. ७८ कोडने तिचं काही अडत नाही, घरात दुसरी गाडी येणार नाहीये आणि इलेक्ट्रिकलाही तेच लायसन्स चालतं. ‘ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी’ म्हणणाऱ्या तुझ्या काकांना जेन्किन रोडला घेऊन ये, मी येतो सोबत. तुझी टेस्ट मात्र इन्स्ट्रक्टरच्या मॅन्युअल गाडीवर, आणि पहिल्या सहा महिन्यांतच. घरची बिनगिअरची चालवून डावा पाय फार लवकर विसरतो. माझा विसरला होता, टेस्टआधी आठ तास जादा शिकवणी घ्यावी लागली, तासाला पस्तीस पाऊंडांनी.

येताना दोघांची आरटीओची मूळ कार्डं आण, मोबाइलमधली नको. आणि मिसेसला अजून दोन महिने आहेत, रोज संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर तुझ्या स्विफ्टमधून मारायला लाव. तू शेजारी बस आणि तोंड बंद ठेव.