कॅम्परमधल्या सामानाचा विमा किती घ्यावा?

प्रश्न : माझं वय ४९, नाशिकला नोकरी, हातात येणारा पगार १ लाख १० हजार. पत्नी गृहिणी, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही दोन वर्षं जुनी १३ सीटची व्हॅन ११ लाखांना घेतली. सीट काढून ९ लाखांत बेड, ओटा, फ्रिज, सोलर बसवून तिची कॅम्पर करून घेतली. गाडीचं कर्ज १४ लाख, ११ टक्के, सात वर्षं, हप्ता २४ हजार. घराच्या कर्जाचे २२ लाख बाकी, त्याचा हप्ता २२ हजार. शनिवार-रविवारी गाडी ओळखीतून दिवसाला ६ हजारांनी द्यायला सुरुवात केली आहे. महिन्याला आठ दिवस गेली तरी गाडीचा हप्ता निघेल आणि बँकेच्या मॅडमनी कर्जासोबत दिलेल्या गॅरंटीड पॉलिसीचा वर्षाचा २ लाखांचा प्रीमियमही. ती पॉलिसी गेल्याच आठवड्यात हातात आली. आता एजंट म्हणतो, आतल्या सामानाचा ४ लाखांचा वेगळा विमा घ्या, प्रीमियम १२ हजार. सामानाची यादी आणि गाडीच्या पॉलिसीची प्रत जोडली आहे. सामानाचा विमा घ्यावा का?

उत्तर : तुमची यादी वाचली. कॅमेरा १ लाख १० हजार, फ्रिज ३८ हजार, तांब्याची कळशी १,८००, मसाल्याचा डबा ४५०. इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या माणसाने गाडीची पॉलिसी मात्र उघडून पाहिलेली दिसत नाही. ती खाजगी वापराची आहे. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर संरक्षण नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे शनिवारी सकाळी तुम्ही किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन ६ हजार घेता, तेव्हापासून गाडी परत येईपर्यंत तुमची २० लाखांची वस्तू जवळजवळ विम्याशिवाय रस्त्यावर असते. कळशीचं राहू दे.

गाडीचं नुकसान हा त्यातला लहान भाग. गाडी भाड्याने नेलेला तुमचा पाहुणा कसारा घाटात एखाद्या दुचाकीवाल्याला धडकला, तर काय होतं ते बघा. समजा तो ३४ वर्षांचा दुकानदार आहे, महिन्याला ४० हजार कमावतो, घरी बायको आणि मूल. वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की पावणेसात लाखांच्या आत-बाहेर. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की साधारण साडेचार लाख उरतात, त्याला १६ ने गुणायचं. सत्तर लाखांच्या वर जातं. हा गुणाकार मी ठरवलेला नाही, सुप्रीम कोर्टाने घालून दिलेल्या कोष्टकावर अपघाताच्या भरपाईची न्यायाधिकरणं असाच हिशेब करतात. त्या कुटुंबाला विमा कंपनी बहुधा पैसे देईल आणि मग तेच पैसे वसूल करायला तुमच्या दारात येईल. परवान्याशिवाय धंद्याला लावलेल्या गाडीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हाच मार्ग मान्य केला. गाडी तुमच्या नावावर, तेव्हा ‘चालवत तो होता’ हे उत्तर चालत नाही. ‘ओळखीतले आहेत, कुणाला सांगणार नाहीत’ हेही नाही. अपघातानंतर पोलिसांच्या जबाबात माणसं सगळं सांगतात, आणि यूपीआयवर आलेले ६ हजार विमा कंपनीच्या सर्व्हेअरला पहिल्या दिवशी दिसतात.

दुसरी गोष्ट आरसीची. तुमच्या आरसीवर अजून १३ सीट आहेत आणि गाडीत आहेत चार सीट, एक पलंग आणि एक ओटा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. ‘आरटीओचं काही लागत नाही’ असं तुमच्या गॅरेजवाल्याने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. क्लेम अडकला की तो काही तुमच्याबरोबर खेटे घालणार नाही. खाजगी वापराच्या कॅम्परसाठी नोंदणीत वेगळा वर्ग आहे. त्यात बदल करून घ्या आणि आधी विमा कंपनीला लेखी कळवा.

भाड्याने द्यायचीच असेल तर मार्ग आहे. गाडी व्यावसायिक म्हणून नोंदवा, तसा परवाना आणि तसा विमा घ्या. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पण मग हिशेब नीट करा. महिन्याला आठ दिवस म्हणजे ४८ हजार, हे तुमचं गणित बाराही महिने प्रत्येक शनिवार-रविवार गाडी जाते असं धरून आहे. पावसाळ्याचे चार महिने काढा. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला पाच दिवस गेली तरी मी कौतुक करीन. वर्षाला २ लाख ४० हजार. त्यातून व्यावसायिक विमा, कर, टायर, सर्व्हिसिंग, धुणं-पुसणं, आणि पाहुण्यांनी मोडलेली नळाची तोटी. हातात लाख-सव्वा लाख आले तर आले. गाडीचा हप्ता वर्षाला २ लाख ८८ हजारांचा आहे. तोच निघत नाही, आणि तुम्ही त्यातून पॉलिसीचा प्रीमियमही भरणार होता.

त्या पॉलिसीबद्दल. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं म्हणून तुम्हाला आधीच कळवलं, इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. वर्षाला २ लाख, १२ वर्षं, म्हणजे २४ लाख भरायचे, आणि पंधराव्या वर्षाअखेर ३८ लाख. ब्रोशरवर ‘१४ लाख फायदा’ ठळक छापलाय. परतावा काढला तर तो वर्षाला ५ टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. पीपीएफच्या ७.१ टक्के दराने तेवढेच पैसे ४७ लाखांच्या आसपास जातात. पण पीपीएफ कशाला, तुमच्या स्वतःच्या डोक्यावर ११ टक्क्यांचं कर्ज आहे! ११ ने उसने घ्यायचे आणि ५ ने गुंतवायचे, यात हमखास फायदा आहे तो कमिशन घेणाऱ्याचा. कर्ज मंजूर व्हायला ही पॉलिसी ‘घ्यावीच लागते’ असं मॅडमनी सांगितलं असेल, तर तसा कोणताही नियम नाही. बँकेकडे तक्रार करताना त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं लिहा.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, कारण काहीही असो, ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज विमा कंपनीला ईमेलने करा आणि शाखेत देऊन पोचही घ्या. मॅडम ‘सर, एकदा भेटून बोलू’ म्हणतील. भेटा, चहा घ्या, पण अर्ज दिल्यानंतर. ३० दिवस उलटले की सरेंडर मूल्याच्या, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेच्या, तक्त्यात अडकाल.

ते २ लाख आले की सरळ गाडीच्या कर्जात भरा. मुदतपूर्व भरण्यावर शुल्क किती, ते आधी विचारा. हप्ता तोच ठेवला तर ८४ ऐवजी ६७ हप्त्यांत कर्ज संपतं. २ लाख भरून १७ हप्ते, म्हणजे ४ लाख वाचले. आणि दर वर्षीचा प्रीमियम गेल्यावर महिन्याचे १७ हजार मोकळे होतात. तुम्हाला भाड्याची इतकी निकड वाटत होती ती या १७ हजारांमुळेच.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, तुम्ही घेतलेला दिसत नाही. त्याबद्दल पत्रात एका ओळीत लिहिलंय, ‘त्यात पैसे परत मिळत नाहीत.’ घरात कमावणारे तुम्ही एकटे, कर्ज दोन्ही मिळून ३६ लाख, मुलाचं शिक्षण चालू, आणि त्या गॅरंटीड पॉलिसीत आयुर्विमा फक्त २० लाखांचा. तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, साठीपर्यंत १ कोटीचा टर्म विमा वर्षाला ढोबळ ४०-५० हजारांत बसेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. पैसे परत मिळत नाहीत हे खरंच आहे. गाडीच्या विम्याचे तरी कुठे मिळतात? पॉलिसी परत करण्याआधी टर्मचा अर्ज भरून टाका, वैद्यकीय तपासणीत वेळ जातो. पण ३० दिवसांची मुदत मात्र चुकवू नका.

आता सामान. ४ लाखांच्या यादीचे दोन भाग करा. गाडीला पक्कं बसवलेलं, म्हणजे फ्रिज, सोलर पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, कपाटं, हे सामान नव्हे, तो गाडीचा भाग आहे. तो गाडीच्याच पॉलिसीत बिलांसह जाहीर करून वाढवून घ्यायचा. आज तुमचा आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी देईल ती रक्कम, ९ लाख ९० हजार आहे, त्यात आतलं ९ लाखांचं काम नाहीच. गाडी चोरीला गेली तर तेवढेच ९ लाख ९० हजार हातात येतील आणि कर्ज १४ लाखांचं उभं असेल. विजेच्या जास्तीच्या उपकरणांवर साधारण शेकडा ४ प्रीमियम लागतो, वर १८ टक्के जीएसटी. हा खर्च करा.

सुटं सामान तुमच्या यादीत मोजून १ लाख ९० हजारांचं आहे. त्यातला कॅमेरा आणि लॅपटॉप यांचाच विमा घ्या, तोही कुठेही नेलं तरी लागू होणारा. घराच्या विम्यातलं सामानाचं संरक्षण त्या पत्त्यापुरतं असतं, ते गाडीच्या मागे येत नाही. घेण्याआधी एक अट वाचा : बंद गाडीतून चोरी झाली तर कुलूप किंवा काच फोडल्याची खूण लागते. सरकतं दार नुसतं ओढून घेतलं असेल तर क्लेम गेला. गाद्या, भांडी, खुर्च्या मिळून ५०-६० हजारांचा ऐवज आहे, त्याचा विमा नको. यादीत शेवटी लिहिलेलं मंगळसूत्र अशा पॉलिसीत बहुधा धरतच नाहीत, ते घरीच ठेवून जा. एजंटची १२ हजारांची पॉलिसी घेऊ नका. फ्रिज आणि सोलरची बिलं गॅरेजवाल्याकडून या आठवड्यात मागून घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहिलेला हवा.