पणजी ते रायबंदर : एका रस्त्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर रायबंदरच्या मुख्य रस्त्याला लागून आहे. बाल्कांवच्या (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) पायऱ्या उतरल्या की थेट रस्त्यावरच पाऊल पडते. घरे आधीची की रस्ता आधीचा, यावर आमच्याकडे नेहमी वाद होतो. आपले मत काय?
— एक वाचक, रायबंदर

उत्तर : गाव आधीचे आणि पणजीकडे जाणारा रस्ता नंतरचा, एवढे निश्चित सांगता येते. रायबंदरचे नोसा सेन्योरा द आजुदा चर्च १५६५ सालापासूनचे आहे, तर ज्याला आपण पाटो म्हणतो तो रस्ता १६३३-३४ मध्ये बांधला गेला. त्या वेळी लिन्यारेसचे काउंट मिगेल द नोरोन्या हे गोव्याचे विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) होते आणि त्यांच्याच नावाने हा बांधीव रस्ता कागदोपत्री ओळखला जाऊ लागला. तोवर पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी खाजन जमीन होती. त्या दलदलीतून चिऱ्यांचे बांधकाम करून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा रस्ता काढला गेला.

आपल्या घरातला वाद मात्र एवढ्याने मिटणार नाही, कारण या रस्त्याच्या कडेला आज उभी असलेली बहुतेक जुनी घरे पाटोनंतरची आहेत, आणि त्यामागे गोव्याच्या राजधानीचे स्थलांतर आहे. जुन्या गोव्यात साथीच्या रोगांनी माणसे मरू लागली, तसे राज्यकर्ते नदीच्या मुखाकडे सरकू लागले. १६९५ मध्ये विजरईंनी आपले निवासस्थान जुने गोवे आणि रायबंदर यांच्या मधल्या पणेली गावात हलवले. १७५९ मध्ये ते पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात आले, आणि २२ मार्च १८४३ रोजी पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे गोव्याची सत्ता याच वाटेने टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत होती आणि रायबंदर त्या वाटेच्या ऐन मध्यावर होते. अधिकारी, लेखनिक, व्यापारी यांना दोन्हीकडे जाणे-येणे सोयीचे पडावे अशी जागा म्हणून येथे वस्ती दाट होत गेली, यात नवल नाही.

एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मांडवी असल्यामुळे घराला मागे सरकायला जागाच नव्हती. शिवाय तेव्हाचा रस्ता पायी जाणाऱ्यांसाठी, घोड्यांसाठी आणि मचिल्यांसाठी (पालख्यांसाठी) होता. त्याच रुंदीत आज बसगाड्या एकमेकींना वाट देतात. आपल्या घराची सर्वांत खालची पायरी जरा निरखून पाहावी. ती अर्धी डांबरात बुडालेली असेल, तर रस्ता थरावर थर चढून वर आला आहे, घर खाली गेलेले नाही, असे समजावे.

प्रश्न : हा पाटो एकेकाळी आशियातील सर्वांत लांब पूल होता, हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : ही स्पर्धा लावू नये असे मला मनापासून वाटते, कारण पाटो हा खांबांवर उभा असलेला पूल नाही. मधे मधे पाण्याला वाट ठेवलेला तो एक लांबलचक बांध आहे. त्याचे मोठेपण लांबीत नसून, ज्या जमिनीवरून रोज दोनदा भरती येऊन जाते त्या जमिनीवर तो जवळजवळ चारशे वर्षे वापरात राहिला, यात आहे.

प्रश्न : लहानपणी पाटोवरून जाताना दक्षिणेकडे मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. आता बहुतेक ठिकाणी नुसते पाणी आणि तिवर दिसतात. मिठागरे का बंद पडली?
— एक ज्येष्ठ वाचक, फोंडा

उत्तर : आपला प्रश्न या रस्त्याच्या इतिहासाच्या मुळाशी जातो. विजरईंची नावे पुस्तकांत सापडतात, पण पाटोच्या मागची जमीन ज्यांनी पिढ्यान् पिढ्या राखली त्यांचे काम समजून घेतल्याशिवाय हा रस्ता कळणार नाही. खाजनाची व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकारीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, उभी केलेली होती. मातीचा आणि दगडाचा बांध घालायचा, त्यात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे दार, बसवायची आणि भरती-ओहोटीकडूनच काम करून घ्यायचे, अशी ती पद्धत. मानशीचे दार लाकडी फळ्यांचे असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते नदीकडे उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. भरती चढू लागली की नदीचे पाणीच त्याला ढकलून बंद करते. मिठासाठी मात्र नेमके उलटे करावे लागते. पावसाळा सरल्यावर आतले गोडे पाणी काढून टाकतात, वाफ्यांतला गाळ उपसून तळ चोपून घट्ट करतात आणि मोठ्या भरतीचे खारे पाणी मुद्दाम आत घेतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्या, अधिक उथळ वाफ्यात सोडत नेले की उन्हाने आटून मीठ धरते, आणि मग पाऊस पडेपर्यंत ते ओढून काठावर ढीग घालत राहायचे. पावसाळ्यात त्याच वाफ्यांत मासळी आणि कोळंबी मिळते.

या धंद्याला पहिला मोठा तडाखा करारातून बसला. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये झालेल्या करारानुसार गोव्यातील मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. हा करार १८८० पासून १८९२ पर्यंत अमलात होता. त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावचे बंदर व रेल्वे मिळाली, पण ज्या मिठाला घाटापलीकडे बाजार होता त्याच्या मालकांना आणि मिठागरांवर राबणाऱ्यांना त्या रकमेतून काय मिळाले असेल, याचा विचार करावा. बारा वर्षे बंद राहिलेले मिठागर पुन्हा उभे करणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणे होय, कारण बांध दरवर्षी डागडुजी मागतो आणि दुर्लक्षित मानस लवकर कुजते.

पुढची घसरण हळूहळू झाली. बाहेरून स्वस्त मीठ येऊ लागले, उन्हात राबणारे हात दुसऱ्या कामांकडे वळले आणि बांध फुटले ते फुटलेलेच राहिले. फुटलेल्या बांधातून भरती आत शिरली की तिवर रुजतात. तिवर वाईट नाहीत, ते किनारा राखतात. पण राखलेले मिठागर आणि सोडून दिलेले मिठागर यांतला फरक त्या हिरवाईने झाकला जातो. काही मिठागरे आजही पिकतात. त्यांचे मीठ आपण विकत घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या वाड्याचा (वस्तीचा) इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षक, रायबंदर

उत्तर : याच रस्त्याच्या पणजीकडच्या टोकाला, पाटो नावाच्याच भागात, कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात गोव्याविषयीची जुनी पुस्तके आणि नियतकालिके चाळता येतात. त्यानंतर गोव्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जावे. १५९५ मध्ये दियोगु द कोतु यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या त्या संग्रहात पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी लिपीतले कागदही आहेत, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत असल्यास उत्तम. जमिनीच्या व्यवहारांसाठी कोमुनिदादच्या (गावकारीच्या) वह्या आणि कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी उपयोगी पडतात.

मात्र कागदांकडे वळण्यापूर्वी वाड्यातल्या वृद्ध माणसांना भेटून कोणती मानस कोठे होती, कोणत्या बांधावरून कोण चालत असे आणि ३ डिसेंबरच्या सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियर यांच्या) फेस्ताला पहाटे पायी जुने गोवे गाठणारे लोक कोणाच्या दारात पाणी प्यायला थांबत, हे विचारून नोंदवून घ्यावे. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी आणि कधी सांगितली तेही लिहावे, म्हणजे पुढे कागदांशी ताडून पाहता येते.